मानपाड्याहून डोंगरी, साडेदहाच्या आत

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मानपाडा चौकाच्या थोडं अलीकडे कंपनीची बस उभी आहे आणि तुम्ही खिडकीशी बसला आहात. एका बाजूला मेट्रो १२ चा खांब, दुसऱ्या बाजूला काँक्रीटचा मिक्सर, पुढे कोंबड्यांचा टेम्पो. कल्याण-शीळ रस्त्यावर घड्याळ पुढे जातं, गाडी जात नाही.

साडेदहाला मीटिंग आहे. विषय काल अर्धवट राहिला होता. प्लांटच्या वरच्या मजल्यावर स्टीमची लाइन गळते आहे. तिथे वेल्डिंग करायचं आहे, आणि तेही प्लांट बंद न करता, कारण माल महिनाअखेरीच्या आत निघायला हवा. काल साहेबांनी विचारलं होतं, “दोन तासांचं काम आहे. कोणाला काही शंका?” सगळे टेबलाकडे बघायला लागले. टेबलावर चहाचे कप आणि मारी बिस्किटं. एवढं टक लावून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग काका बोलले. काका म्हणजे जुने फोरमन, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. म्हणाले, “साहेब, खाली सॉल्व्हंटचे ड्रम आहेत. आधी ते हलवू या, मग वेल्डर वर जाऊ दे.”

“काका, तुमचं नेहमीचंच,” साहेब म्हणाले. सगळे हसले. तुम्हीही हसलात.

ते हसू काल रात्रीपासून घशात अडकलंय. परमिटवर तीन सह्या लागतात. दोन झाल्या आहेत. तिसरी तुमची.

अशा माणसाला नावं ठेवायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. नकारघंटा, शंकेखोर, फाटे फोडणारा, मोडता घालणारा, विघ्नसंतोषी. माना डोलावणाऱ्यालाही शब्द आहेत, होयबा आणि नंदीबैल, पण ते त्याच्या पाठीमागे वापरायचे. नकारघंटा तोंडावर म्हणता येतं, तेही चारचौघांत आणि हसत.

बस हलत नाही. तुम्ही डोळे मिटता. गाडी पुढे सरकल्यासारखी वाटते म्हणून उघडता, तर समोरचा टेम्पो मागे येतोय. मेट्रोचा खांब वरून खाली उतरत जमिनीत चाललाय. मोबाइलच्या पडद्यावर तारीख उलटी धावते आहे. या प्रवासाचा नियम एकच: तुम्हाला सगळं दिसेल, ऐकू येईल. बोलता मात्र येणार नाही.

२३ मे २०२४, गुरुवार, दुपार. डोंबिवलीतल्या अमुदान केमिकल्सचा स्फोट तुम्ही उलटा बघता. धूर आत ओढला जातो, रस्त्यावरच्या काचा उठून खिडक्यांत जाऊन बसतात. मानपाडा पोलीस ठाण्यात अजून गुन्हा नोंदलेला नाही, दहाहून अधिक माणसं अजून जिवंत आहेत, डबा उघडून जेवताहेत. बस थांबत नाही. २०२० चा फेब्रुवारी येतो, एमआयडीसीतला तो रसायनांनी गुलाबी झालेला रस्ता चाकाखालून जातो आणि पुन्हा काळा होतो.

थांबते ती आणखी एका गुरुवारी, २६ मे २०१६ ला, साडेअकराच्या आधी. हे तुमचंच डोंबिवली, फक्त रिक्षा थोड्या कमी आणि आभाळात उन्हाळ्याची तीच राखाडी झाक. प्रोबेस एंटरप्रायझेसच्या आवारात तुम्ही उभे आहात. वर मधल्या मजल्यावर वेल्डिंग चालू आहे, खाली प्रोपार्गिल क्लोराइडचा साठा आहे. पुढे सरकारी चौकशी समिती हेच लिहील की वेल्डिंगच्या ठिणग्या त्या रसायनावर पडल्या. तो अहवाल लोकांसमोर यायला दोन वर्षं जातील आणि माहिती अधिकाराचा अर्ज लागेल. आज बारा माणसं जातील, दोनशेच्या आसपास जखमी होतील, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटतील. त्या काचा तुम्हाला आठवतात. त्या दिवशी तुमच्याही घरच्या फुटल्या होत्या आणि महिनाभर खिडकीला प्लास्टिक होतं.

ठिणगी आणि साठा यांच्यामध्ये एक वाक्य सहज मावलं असतं. काल काकांनी उच्चारलं ते साधारण तेवढ्याच लांबीचं होतं. तुम्ही तोंड उघडता. आवाज येत नाही. नियम आठवतो.

बस आता रस्ता सोडते.

२२ मे २०१०, पहाटेचे सहा. तुम्ही दुबईहून मंगळूरला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या कॉकपिटमध्ये, दोन वैमानिकांच्या मागे बसला आहात. मागे केबिनमध्ये माणसं जागी होताहेत, कोणी सीटखालची पिशवी चाचपतोय. डावीकडच्या कॅप्टनच्या गाठीशी दहा हजारांहून जास्त तासांचं उड्डाण आहे. या रात्रीचा दीड तासाहून अधिक वेळ तो झोपलेला होता आणि नुकता जागा झालाय. विमान जितक्या उंचीवर असायला हवं त्याच्या बरंच वर आहे, म्हणून आता ते फार वेगाने खाली येतंय. यंत्राचा आवाज इशारे देतोय. उजवीकडचा सहवैमानिक म्हणतो, वळसा घे, उतरू नकोस. तो एकदा नाही, तीनदा म्हणतो. त्याच्या धंद्यात ‘गो अराउंड’ हे दोन शब्द म्हणजे संपूर्ण आक्षेप असतो, त्याला कारणं जोडायची गरज नसते.

कॅप्टन उतरवतो. आठ हजार फुटांची धावपट्टी, आणि चाकं टेकतात ती पाच हजार फूट मागे पडल्यावर. पुढे दरी आहे. विमानातल्या १६६ जणांपैकी आठ वाचले.

या अपघाताच्या चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते एअर मार्शल भूषण गोखले, आपल्या पुण्याचे. तो अहवाल वाचताना माझ्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. आपण सगळे म्हणतो, माणसं बोलत नाहीत, बोलायला हवं. इथे माणूस बोलला होता. वेळेवर, स्पष्ट, धंद्याच्या नेमक्या भाषेत बोलला होता. पण त्या खोलीत दोनच माणसं होती. एकाने ‘नको’ म्हटलं, दुसऱ्याने ऐकलं नाही, आणि “अरे, तो काय म्हणतोय?” असं म्हणणारा तिसरा कोणी नव्हता. तिसऱ्या जागेवर तुम्ही होतात, आणि तुम्हाला आवाज नव्हता.

काल मात्र होता.

मधे एक थांबा लहानसा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं स्वार्थमोर कॉलेज, १९५० च्या आसपासचा काळ. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने काही तरुणांना एका ओळीत बसवलंय. पुठ्ठ्यावर रेषा काढल्या आहेत, त्यातली कोणती रेषा शेजारच्या रेषेएवढी, एवढंच सांगायचं. शेंबड्या पोराला सांगता येईल. पण ओळीतले बाकी सगळे ॲशने पढवलेले आहेत आणि ते ठामपणे चुकीचं उत्तर देतात. शेवटून दुसरा बसलेला खरा गडी घाम पुसतो, रेषेकडे बघतो, शेजाऱ्यांकडे बघतो. अशा प्रसंगी साधारण तीनांतलं एक उत्तर माणसं डोळ्यांदेखत चुकवतात. हा भाग पुष्कळ जणांनी ऐकलेला असतो. पुढचा कमी जणांनी. ओळीतल्या एका माणसाला खरं उत्तर द्यायला सांगितलं की त्या गड्याच्या चुका एकदम ओसरतात. मागे सगळा जमाव लागत नाही. एक पुरतो.

म्हणजे काकांना काल सगळ्या टेबलाची गरज नव्हती.

तुमच्या आतला होयबा लगेच म्हणतो, पण काका दर वेळी बरोबर असतात कुठे? खरंय. गेल्या दिवाळीआधी पंपाचा आवाज बरोबर नाही म्हणून त्यांनी अर्धा दिवस काम थांबवलं होतं. पंप उघडला, आत काही नव्हतं. साहेबांनी ती गोष्ट अजून सोडलेली नाही. पण पंप उघडताना शेजारच्या दोन व्हॉल्व्हच्या पाट्या एकमेकांवर लागल्याचं हेल्परला दिसलं होतं, आणि त्या गुपचूप बदलल्या गेल्या. ती गोष्ट कोणी सांगत नाही. बर्कलीच्या चार्लन नेमेथ या बाईंनी आयुष्यभर हेच तपासलं. विरोध करणारा चुकीचा असला तरी त्याच्यामुळे बाकीचे जास्त बाजूंनी विचार करायला लागतात. त्यांना आणखी एक सापडलं: विरोधाचं सोंग घ्यायला नेमलेल्या माणसाचा तेवढा उपयोग होत नाही. यावर तुमचा चटकन विश्वास बसतो, कारण दर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ झाल्यावर साहेब कोणाला तरी ‘आज तू विरोधी पक्ष’ म्हणून उभं करतात. तो दोन विनोद करतो, टाळ्या पडतात, समोसे येतात.

पुण्याची हवा लागते. १८८७ चा ऑक्टोबर. ‘केसरी’च्या छापखान्यात शाईचा वास आणि खिळे जुळवणाऱ्यांची टकटक. गोपाळ गणेश आगरकर पत्राचं संपादकपद सोडून निघाले आहेत. १८८१ च्या ४ जानेवारीला पत्र निघालं तेव्हापासून ते संपादक होते. समाजसुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, हा वाद टिळक-आगरकर मंडळींत आत, खोलीत, रोज चालायचा. आता खोली रिकामी होते. पुढच्या वर्षी आगरकर ‘सुधारक’ काढतील. तोच वाद दोन वर्तमानपत्रांत, सगळ्या महाराष्ट्रासमोर चालेल. आणि लोकांसमोर माघार घेता येत नाही. खोलीत “बरं, तुझं हे पटलं” म्हणता येतं. छापलेल्या अग्रलेखात ते म्हणायला टिळकांएवढा माणूसही तयार होत नाही, आगरकरांएवढाही होत नाही. आगरकरांची तर लोकांनी ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये ते गेले तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. ‘केसरी’ मोठा होत गेला, हे खरंच. पण सहा वर्षं दारातच बसलेला एक शंकेखोर त्याने गमावला, आणि माझ्या मते तो व्यवहार तोट्याचा होता. मुलींचं संमतिवय वाढवण्याच्या वादात ‘केसरी’ विरोधात उभा राहिला, ते आठवून बघा.

तारीख अजून मागे पळते. १८८२ चा पावसाळा संपत आलाय. आगगाडी बोरीबंदराकडे शिरते, तिथे नव्या टर्मिनसचे चिरे रचले जाताहेत, घुमट अजून नाही. उतरून तुम्ही डोंगरीकडे चालता. आज तिथे मुलांचं निरीक्षणगृह आहे, तेव्हा तुरुंग. रात्रीची वेळ. भिंतीला पाठ लावून तुम्ही बसता आणि कान देता.

आत दोन तरुण भांडताहेत, टिळक आणि आगरकर. दोघेही १८५६ चे. एकाचा सव्विसावा वाढदिवस याच भिंतींच्या आत, जुलैच्या तेविसाव्या तारखेला झाला. दोघे डेक्कन कॉलेजपासूनचे मित्र, दोघांना चार महिन्यांची साधी कैद झालेली. त्यातले एकशेएक दिवस भरून २६ ऑक्टोबरला ते सुटतील, आणि आगरकर त्या दिवसांवर पुस्तक लिहितील, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशेएक दिवस’. पण आत्ता विषय तुरुंग नाही. विषय असा की हा समाज आधी आतून सुधारावा की आधी परक्यांच्या हातून सोडवावा. शब्द भिंतीतून तुटक येतात, सूर मात्र पूर्ण कळतो. एकाने मुद्दा मांडला की दुसरा तो उचलतो, उलटा करून बघतो, परत टाकतो. कोणी कोणाला नकारघंटा म्हणत नाही. दोघांनाही दुसरीकडे जायची सोय नाही, हेही एक कारण असेल. पहारेकऱ्याला मात्र झोप हवी असणार.

तुरुंगात एकमत झालं नाही. पण बाहेर आल्यावर दोन वर्षांच्या आत याच दोघांनी बाकीच्या मंडळींबरोबर डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. एकमेकांचं न पटणाऱ्या माणसांनी काढलेलं कॉलेज अजून चालू आहे.

तुम्हाला इथेच बसून राहावंसं वाटतं. पण बसला अजून एक थांबा घ्यायचाय. हे दोघे आत आले कशामुळे?

पुन्हा पुणं, थोडं आधीचं. तीच मंडळी, तेच टेबल, वर पत्रांचं पुडकं. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना वेडं ठरवून छळलं जातंय, ही बातमी पुण्यात सगळ्यांच्या मनाला लागलेली आहे. राग खरा आहे, कारणही चांगलं आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे या छळामागे आहेत असं दाखवणारी ही पत्रं आहेत. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ती छापतात. बर्वे अब्रुनुकसानीचा दावा लावतात. ती पत्रं बनावट निघतात. संपादक माफी मागतात, तरी खटला मागे घेतला जात नाही. १७ जुलै १८८२ ला शिक्षा होते.

तुम्ही त्या टेबलापाशी उभे आहात, पुडक्याची गाठ अजून सुटायची आहे. भोवतालची सगळी माणसं तुमच्यापेक्षा हुशार आहेत. तर्कात यांना हरवणारा सबंध पुण्यात मिळायचा नाही. आणि सगळी एका बाजूची आहेत. हेतू इतका चांगला असला की “ही पत्रं खरी आहेत हे कोणी तपासलं?” असं विचारणं म्हणजे फितुरी वाटायला लागते. प्रश्न सात शब्दांचा आहे. तो विचारायला अक्कल लागत नाही, टेबलावरचा वेळ लागतो आणि हसू सोसायची तयारी लागते. तो जड आहे तो एवढ्यासाठीच.

तुम्ही पुन्हा तोंड उघडता. पुन्हा काही नाही. पुडक्याची गाठ सुटते.

हॉर्न. टेम्पोतल्या कोंबड्या. मोबाइलवर ९:३४. मेट्रोचा खांब जागेवर आहे, बस मानपाडा चौक ओलांडते आहे. शेजारचा सहकारी विचारतो, “झोपला होतात का?” तुम्ही हो म्हणता. गेटवर कार्ड पंच करताना काका दिसतात, सायकल कुलूप लावून उभी करताहेत. ते तुमच्याकडे बघून हसतात. कालचं त्यांच्या मनात आहे की नाही, कळत नाही. बहुधा नसावं. चाळीस वर्षांत अशा हसण्यांची त्यांना सवय झाली असेल. माझी खरी भीती तीच आहे. काकांनी बोलायचं थांबवलं तर त्या दिवशी मीटिंग छान, वेळेवर संपेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

साडेदहा. तेच टेबल, तीच बिस्किटं. परमिटचा कागद तुमच्यासमोर सरकवला जातो, वर पेन ठेवलेलं.

“करून टाका,” साहेब म्हणतात. “वेल्डर खाली थांबलाय.”

तुम्ही पेन उचलत नाही. घसा कोरडा पडलाय. आवाज येईल की नाही, याची खात्री नाही. येतो, थोडा चिरका.

“साहेब, एक मिनिट. काका, काल तुम्ही म्हणत होतात ते परत सांगा ना. कोणते ड्रम?”

साहेबांच्या भुवया वर जातात. “आता तुम्हीही?”

काका आधी तुमच्याकडे बघतात, मग साहेबांकडे. म्हणतात, “पायपाच्या बरोब्बर खाली आहेत. अकरा. दोन अर्धे आहेत, त्यांची झाकणं नीट बसत नाहीत.”

झाकणांचं काल ते बोलले नव्हते. काल कोणी विचारलंच नव्हतं.

स्टोअरवाला, जो काल सगळ्यात मोठ्याने हसला होता, मान खाली घालून म्हणतो, “ट्रॉली आहे मोकळी.” क्वालिटीची मुलगी विचारते, खालची गटाराची जाळी झाकायची का, ठिणगी तिथूनही जाईल. ती तीन वर्षांत मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोलली. साहेब घड्याळाकडे बघतात, खुर्ची मागे ढकलतात आणि जरा वैतागूनच म्हणतात, “बरं, हलवा. पण लवकर.”

ड्रम अकरा होते. हलवायला पस्तीस मिनिटं लागली.